खर्डेघाशी आणि निर्मिती: लिखाणाच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता नेमके काय करते

श्रावण लागला की दिवाळी अंकाच्या संपादकाच्या टेबलावर मजकूर येऊ लागतो आणि तो कोणत्या रूपात येईल याचा काही नेम नसतो. एखादे ज्येष्ठ कथाकार फुलस्केप कागदांवर शाईने लिहिलेली चाळीस पाने पोस्टाने पाठवतात, कोणी फोनवर टंकलेली कविता धाडते, कोणाचा लेख वीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टमध्ये असल्यामुळे उघडताच पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते, तर मुलाखत घेणारे सहकारी दोन तासांचे ध्वनिमुद्रण पाठवून ‘एवढे उतरवून घ्या’ असा निरोप देतात. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढून मराठीत ही परंपरा सुरू केली, तेव्हा अक्षरांचे खिळे जुळवून छपाई होत असे. आज खिळे गेले, पण वाचकाच्या नजरेआड चालणारे काम काही कमी झालेले नाही. मी ते काम अनेक वर्षे करीत आले आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जे काही बोलले जाते ते या टेबलावर तपासून पाहिले की बरेच धुके निवळते, असा माझा अनुभव आहे.

यंत्र आता लेखकांची आणि चित्रकारांची जागा घेणार, असे काही जण म्हणतात. यंत्र फक्त हमाली करील आणि माणूस निर्मितीसाठी मोकळा होईल, असे दुसरे सांगतात. या दोन्ही म्हणण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. निर्मिती आणि खर्डेघाशी ही दोन वेगळी कामे आहेत आणि ती सरळ रेघ मारून वेगळी करता येतात, असे दोघांनाही वाटते. प्रत्यक्षात एकाच लेखाच्या एकाच पानावर ती एकमेकांत विणलेली असतात. ऱ्हस्व-दीर्घ तपासणे ही खर्डेघाशी खरी, पण कथेतल्या अडाणी पात्राच्या पत्रातले चुकीचे ऱ्हस्व-दीर्घ तसेच ठेवायचे, हा निर्णय निर्मितीचा असतो आणि तो त्याच ओळीवर, त्याच पेन्सिलीने घ्यावा लागतो. म्हणून कोणते काम यंत्राकडे द्यावे हे ठरवण्याआधी, यंत्र ते काम कसे करते हे समजून घेणे भाग आहे.

सुरुवात अशा कामापासून करू, ज्यात बुद्धिमत्तेचा संबंधच नाही. जुन्या फॉन्टमधला लेख युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना कळणाऱ्या एकाच ठरलेल्या अक्षरसंकेतात, आणणे हे ते काम. पूर्वीच्या मराठी डीटीपीमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीत, प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते, त्यामुळे एका फॉन्टमधला ‘क’ दुसऱ्या फॉन्टमध्ये भलतेच काही होऊन बसे. युनिकोडने देवनागरीसाठी १२८ जागांचा एक ठरलेला पट्टा दिला आणि हा गोंधळ संपला. जुन्या फॉन्टच्या कोणत्या चिन्हाऐवजी युनिकोडचे कोणते अक्षर, याचे कोष्टक एकदा तयार केले की संगणक हजार पाने क्षणात बदलून देतो. येथे यंत्र काहीही शिकत नाही, अंदाज बांधत नाही. माणसाने लिहून दिलेला नियम पाळते. हल्ली असल्या प्रत्येक सोयीवर ‘एआय’ची पाटी लावून विक्री होते, म्हणून हा फरक ध्यानात ठेवलेला बरा. नियमाने होणारे काम नियमानेच करावे. ते स्वस्त पडते, आणि चूक झालीच तर कोष्टकात नेमकी कोठे झाली हे दाखवता येते.

छापील जुन्या पुस्तकातला मजकूर संगणकात आणायचा असेल तर मात्र नियम अपुरे पडतात. ‘ख’ कसा दिसतो याचा नियम लिहायला बसा. डावीकडे ‘र’सारखे वळण, उजवीकडे ‘व’सारखा गोल आणि शेवटी काना, असे लिहाल, पण मग ‘रव’ ही जोडीही तशीच दिसते. त्यात शाई पसरलेली, कागद पिवळा पडलेला, खिळा झिजलेला, स्कॅन करताना पान थोडे तिरके गेलेले. अशा वेळी यंत्राला नियम सांगण्याऐवजी नमुने दाखवतात. अक्षरांच्या, शब्दांच्या, ओळींच्या लाखो प्रतिमा आणि त्यांपुढे त्यांचे बरोबर वाचन, अशा जोड्या त्याला दिल्या जातात. यंत्राच्या आत असंख्य आकडे असतात. प्रत्येक चुकीनंतर ते आकडे किंचित हलवले जातात, जेणेकरून पुढच्या वेळी चूक थोडी कमी व्हावी. असे कोट्यवधी वेळा झाले की ‘ख’ ओळखण्याची क्षमता त्या आकड्यांत उतरते, जरी त्यांपैकी कोणत्याही एका आकड्याकडे बोट दाखवून ‘हा ख’ असे म्हणता येत नसले तरी. टेसरॅक्ट नावाची अक्षरओळख प्रणाली १९८०च्या दशकात ह्युलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीत जन्मली, २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत तिने नमुन्यांवरून शिकणाऱ्या या पद्धतीची कास धरली. ती मराठीही वाचते.

वाचते, पण कशी? मागे एका जुन्या प्रवासवर्णनाचे पुनर्मुद्रण करताना अशाच एका प्रणालीने मला पुढील वाक्य दिले: ‘भल्या पहाटे सर्व मंडळी पंढरपूरला खाना झाली.’ मूळ पुस्तकात अर्थातच ‘रवाना’ होते. चूक आकारावरून झाली होती, आणि ‘खाना’ हाही मराठीत चालणारा शब्द असल्याने साध्या शब्दतपासणीला त्यात काही वावगे दिसले नाही. अशा जोड्या देवनागरीत पुष्कळ आहेत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘प’ यांच्यात एखादी रेघ किंवा गाठ इकडची तिकडे झाली की पुरे. अनुस्वार तर कागदावरच्या डागात हरवतो आणि डागाचाच अनुस्वार होतो. तरीही हे काम यंत्राला देण्याचेच आहे, असे मी ठामपणे म्हणेन. तीनशे पानांचे पुस्तक पुन्हा टंकून घेण्याला आठवडे लागतात आणि टंकलेखन करणाराही चुका करतो. यंत्राने वाचलेला मजकूर मूळ पानाशेजारी ठेवून ओळीने तपासणे त्याच्या कितीतरी आधी होते. कोणते काम सोपवावे याची माझी पहिली कसोटी हीच आहे: करण्यापेक्षा तपासणे सोपे असेल तर ते द्यावे.

‘रवाना’ची चूक पकडायची तर अक्षरांच्या पलीकडे, वाक्यात पाहावे लागते. मराठीत याहून नाजूक प्रसंग येतात. ‘आचार्यांना भेटलो’ आणि ‘आचाऱ्यांना भेटलो’ या दोन वाक्यांत फरक एवढाच, की पहिल्यात ‘य’च्या डोक्यावर रफार आहे आणि दुसऱ्यात ‘य’च्या आधी अर्धचंद्रासारखा ‘र’. पहिल्यात आपण विद्वानांना भेटतो, दुसऱ्यात स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. १९६२ मध्ये ठरलेले चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडलेले चार, असे साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाचे अठराही नियम तोंडपाठ असले, तरी यांपैकी कोणता शब्द हवा हे नियम सांगत नाहीत. ते फक्त आजूबाजूच्या शब्दांवरून कळते, आणि आजच्या भाषाप्रारूपांचे सामर्थ्य नेमके तेथे आहे.

ज्याला आपण चॅटजीपीटी किंवा त्यासारख्या नावांनी ओळखतो ते भाषाप्रारूप मुळात एकच गोष्ट करते. आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढे कोणता तुकडा, म्हणजे शब्द किंवा शब्दाचा भाग, येण्याची शक्यता किती, याचा ते हिशेब मांडते, एक तुकडा निवडते आणि मग त्या तुकड्यासकट पुन्हा हिशेब मांडते. हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण हा हिशेब चांगला करायचा तर भाषेबद्दल बरेच काही आत साठवावे लागते. ‘पुरणपोळ्यांचा घाट घातला तेव्हा मदतीला दोन’ एवढे वाचल्यावर पुढे ‘आचारी’ येईल, ‘आचार्य’ नाही, हे ठरवण्यासाठी पुरणपोळी, स्वयंपाक, मदत यांचे परस्परसंबंध कोठेतरी नोंदलेले असावे लागतात. २०१७ मध्ये गूगलमधील संशोधकांनी मांडलेल्या रचनेमुळे वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला दूरच्या कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचे हे यंत्राला शिकता येऊ लागले, आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले तेव्हा या शिकण्याचे फळ सर्वांना दिसले.

यातून एक गोष्ट निघते, जी मला या संपूर्ण विषयाची किल्ली वाटते. हे यंत्र संभाव्यतेकडे ओढ घेते. त्याच्या दृष्टीने चांगले वाक्य म्हणजे असे वाक्य, की जे येथे येणे स्वाभाविक होते. खर्डेघाशीच्या कामात आपल्याला हेच हवे असते. पत्राचा मायना, इतिवृत्ताचा मसुदा, अनुक्रमणिका, लेखकांना पाठवायचे स्मरणपत्र यांत वेगळेपणा दाखवण्याचे कारणच नसते. कथेच्या वाक्यात मात्र वाचक थबकतो तो अनपेक्षित शब्दापाशी. यंत्राचा जो गुण पहिल्या कामात उपयोगी, तोच दुसऱ्या कामात जपून वापरावा लागतो.

पहिल्या प्रकारच्या कामात फायदा किती होतो, याचे मोजमाप झाले आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील दोन संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे ४५० सुशिक्षित नोकरदारांना प्रसिद्धीपत्रक, छोटा अहवाल, अवघड ईमेल अशी लेखनकामे दिली होती. ज्यांना चॅटजीपीटी वापरू दिले त्यांचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला आणि तपासनिसांनी दिलेल्या गुणांत सुमारे १८ टक्क्यांची वाढ झाली. त्याच्याही आधी, २०१४ मध्ये, असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने कंपन्यांच्या तिमाही नफ्यातोट्याच्या बातम्या संगणकाकडून लिहून घ्यायला सुरुवात केली होती. पूर्वी त्यांचे वार्ताहर एका तिमाहीत सुमारे ३०० कंपन्यांच्या बातम्या देत. ती संख्या ३,००० च्या वर गेली. त्या बातम्यांचा साचा ठरलेला, आकडे तक्त्यातून घेतलेले, आणि अशी बातमी लिहिण्यात कोणाही वार्ताहराचे मन कधी रमले नसावे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘सुवास’ ही अनुवादप्रणाली सुरू केली आणि तिच्यामुळे इंग्रजी निकालांचे मराठीसह भारतीय भाषांत कच्चे अनुवाद तयार होऊ लागले, जे नंतर माणसे तपासतात. ज्या पक्षकाराला इंग्रजी येत नाही त्याच्या हातात त्याच्याच खटल्याचा निकाल मराठीत पडणे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

मराठीसाठी अशा प्रणाली तयार करणे इंग्रजीपेक्षा अवघड का जाते, हेही थोडक्यात सांगायला हवे. संगणक मजकूर साठवताना सहसा रोमन लिपीतले एक अक्षर एका बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या एका घरात, बसवतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ, वेलांटी अशा पाच चिन्हांचा, म्हणजे पंधरा बाइटांचा. तोच रोमन लिपीत लिहिला तर सात. त्यात प्रारूपाने मजकुराचे तुकडे पाडण्याचे नियम बहुधा इंग्रजी मजकुरावरून ठरलेले असल्यामुळे मराठी शब्दाचे अधिक बारीक तुकडे पडतात, काम संथ होते आणि खर्चही वाढतो. शिवाय मराठी शब्द एका रूपात राहत नाही. ‘घर’ हा शब्द घराला, घरात, घरातल्यांना, घरापासूनच्या अशी रूपे घेत जातो, आणि यांपैकी एखादे रूप यंत्राने फारच कमी वेळा पाहिलेले असते. मराठीतला छापील मजकूर अफाट आहे, पण तो ग्रंथालयांच्या कपाटांत आहे, संगणकांत नाही. आयआयटी मद्रासमधील एआयफॉरभारत या गटाने २०२३ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांसाठी खुले अनुवादप्रारूप दिले, आणि केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प २०२२ पासून त्याच दिशेने चालला आहे. त्यामुळे परिस्थिती सुधारते आहे.

ध्वनिमुद्रण उतरवण्याचे काम आता पाहू, कारण संभाव्यतेची ओढ तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. २०२२ मध्ये आलेली व्हिस्पर ही प्रणाली सहा लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेली होती आणि त्यांतली सुमारे दोन तृतीयांश इंग्रजी होती. अशा प्रणालींनी माझे पुष्कळ कष्ट वाचवले आहेत. पूर्वी तासाभराची मुलाखत उतरवायला मला पाच-सहा तास लागत. पाच सेकंद ऐकायचे, थांबवायचे, लिहायचे, पुन्हा मागे जायचे. आता कच्चा मजकूर काही मिनिटांत हाती येतो आणि मी तो ऐकत ऐकत दुरुस्त करते. पण गेल्या वर्षी विदर्भातल्या एका शेतकरी आजींची मुलाखत अशी उतरवली तेव्हा मजकूर विलक्षण स्वच्छ निघाला. आजी ‘मले’ म्हणाल्या होत्या तेथे ‘मला’ आले होते, ‘तुले’च्या जागी ‘तुला’, ‘त्याले’च्या जागी ‘त्याला’. यंत्राला ऐकू कमी आले नव्हते. त्याने जे मराठी अधिक वेळा पाहिले होते, त्या मराठीत आजींना बसवले होते. मुलाखतीचा जीव त्यांच्या बोलण्यात होता आणि तोच निघून गेला होता. मी ती मुलाखत पुन्हा पहिल्यापासून हाताने उतरवली. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांची मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने यंत्राने दिलेला मजकूर मूळ आवाजाशी ताडून पाहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण ही चूक चुकीसारखी दिसत नाही. ती शुद्धलेखनासारखी दिसते.

आवाजाच्याच क्षेत्रात याच्या उलट, मनापासून आनंद व्हावा असेही एक उदाहरण आहे. बीटल्स या चौघांच्या ब्रिटिश संगीतसमूहातील जॉन लेनन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस घरी एका कॅसेटवर एक गाणे पियानोसह गाऊन ठेवले होते. पियानो आणि आवाज एकमेकांत मिसळलेले, वर कॅसेटची घरघर. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी ते पूर्ण करण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पुढे नमुन्यांवरून शिकलेल्या एका प्रणालीने त्या मुद्रणातून लेनन यांचा आवाज पियानोपासून अलग काढला, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते गाणे प्रसिद्ध झाले. यंत्राने तेथे एकही सूर रचला नाही. गायकाचाच आवाज होता, त्यावरची धूळ झटकली गेली. निर्मितीला हातभार म्हणतात तो याहून चांगला क्वचितच असेल.

प्रत्यक्ष सुचण्याच्या कामात यंत्राची मदत घ्यावी का, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मी स्वतः मथळ्यांसाठी ती घेते. लेख वाचून वीस मथळे दे, असे सांगितले की वीस येतात. त्यांतले अठरा सपक असतात, पण ते वाचता वाचता आपल्याला काय नको आहे हे स्पष्ट होते आणि एकविसावा आपल्याला सुचतो. लेखकाला कथेच्या मध्यावर अडल्यासारखे झाले की त्याने यंत्राशी चर्चा करण्यातही मला गैर वाटत नाही. मात्र २०२४ मध्ये ब्रिटनमधील दोन संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक संपादकाने लक्षात ठेवावा असा आहे. सुमारे ३०० जणांना अगदी छोट्या कथा लिहायला सांगितल्या. काहींना यंत्राने सुचवलेल्या कल्पना वापरण्याची मुभा दिली, काहींना नाही. ज्यांनी कल्पना घेतल्या त्यांच्या कथा वाचकांना अधिक चांगल्या वाटल्या, आणि ज्यांचा हात लेखनात कमी चालतो त्यांना फायदा जास्त झाला. परंतु त्या कथा परस्परांसारख्या होत्या. एकेका लेखकाचे भले झाले आणि सर्व कथा एकत्र ठेवल्यावर वैविध्य घटले. अंक काढणाऱ्याच्या हाती एक कथा नसते, शंभर असतात, म्हणून हा परिणाम आम्हाला आधी दिसतो. अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या कथांत पावसाळी संध्याकाळ, खिडकीपाशी वाफाळता चहा आणि आईची जुनी पेटी इतक्या वेळा येऊ लागली आहे, की एकाच बैठकीत तीन कथा वाचल्यावर कोणती कोणाची हे मला आठवत नाही.

चित्रांचीही तीच गत. चित्र काढणारी प्रणाली शिकते ती उलट्या बाजूने. चित्रावर थोडे थोडे दाणेदार धुके चढवत ते पूर्ण दिसेनासे करायचे, आणि प्रत्येक पायरीवर ते धुके कसे उतरवायचे हे यंत्राला शिकवायचे. पुरेशी चित्रे आणि त्यांच्यासोबतची वर्णने पाहिली की ते निव्वळ धुक्यापासून सुरुवात करून, दिलेल्या वर्णनाकडे झुकत झुकत, नवे चित्र उतरवते. आमच्या मुखपृष्ठासाठी आम्ही एकदा नऊवारी नेसून भात लावणाऱ्या बाईचे चित्र मागितले. हिरवे शेत, पाण्यातले प्रतिबिंब, आभाळ, सगळे सुरेख होते. पण साडीला कासोटा नव्हता. पाचवारीसारख्या निऱ्या पाण्यात बुडालेल्या होत्या. ‘नऊवारी’, ‘काष्टा’, ‘लावणी’ असे शब्द बदलून पाच-सहा वेळा सांगून पाहिले, तरी कासोटा काही आला नाही, कारण यंत्राने पाहिलेल्या असंख्य साड्यांत तो फारसा नसावा. शेवटी आमच्या चित्रकार मैत्रिणीने लहानपणी आपल्या आजीला खाचरात पाहिले होते त्या आठवणीवरून चित्र काढले. त्यात बाईचा चेहरा दिसत नाही, वाकलेली पाठ आणि घट्ट खोचलेला कासोटा दिसतो. यंत्राची चित्रे मात्र फुकट गेली नाहीत. रंगसंगती ठरवताना आणि मथळ्याला जागा कोठे सोडायची हे पाहताना आम्ही त्यांचाच आधार घेतला.

शक्यतेच्या हिशेबाचा सर्वांत घातक परिणाम तपशिलांत होतो. यंत्राला एखादी गोष्ट ठाऊक नसली तरी तिच्यासारखे काय दिसेल हे त्याला ठाऊक असते, आणि ते तेच लिहिते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले पूर्वीचे निकाल न्यायालयात सादर केले; खटल्यांची नावे होती, उद्धृते होती, पण ते निकाल कधी झालेच नव्हते, आणि न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. आमच्या टेबलावर हे छोट्या रूपात घडते. एका कवयित्रीचा परिचय यंत्राकडून लिहून घेतला तेव्हा त्यात तिला न मिळालेला पुरस्कार, वर्षासकट, आला. वाक्य इतके नेटके होते की प्रूफ दोनदा वाचूनही ते निसटले असते. ते पकडले खुद्द कवयित्रीनेच. तेव्हापासून नाव, साल, पुरस्कार आणि उद्धृत या चार गोष्टी यंत्राच्या मजकुरातून थेट पानावर जात नाहीत, हा नियम आम्ही भिंतीवर लिहून लावला आहे.

हक्कांचा प्रश्न तर अजून आकार घेतो आहे. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने असे म्हटले आहे, की संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती तयार व्हायला जी व्यक्ती कारण झाली ती. हे शब्द आजची प्रणाली डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले नाहीत. अमेरिकेत स्वामित्वहक्क कार्यालयाने २०२३ मध्ये एका चित्रकथेतील मजकुराला आणि मांडणीला संरक्षण दिले, पण यंत्राने काढलेल्या चित्रांना नाकारले. त्याच वर्षी हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला आणि करारात लिहून घेतले, की यंत्राला लेखक मानले जाणार नाही आणि कोणत्याही लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती होणार नाही. आपल्याकडे २०२४ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची यंत्राद्वारे नक्कल करण्याविरुद्ध त्यांना अंतरिम संरक्षण दिले. ज्यांची पुस्तके, चित्रे आणि आवाज वापरून या प्रणाली शिकल्या, त्यांना विचारले गेले पाहिजे आणि मोबदलाही मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका गोष्टीची मात्र मला खरी काळजी वाटते आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. मी भाषा शिकले ती प्रूफे तपासून. दुसऱ्यांची हजारो पाने अक्षर अक्षर वाचताना चांगले वाक्य कोठे वळते, स्वल्पविराम कोठे श्वास देतो, शब्द पुन्हा आला की का खटकतो हे बोटांत मुरत गेले. ती खर्डेघाशीच होती, पण ती माझी शाळाही होती. ज्याला मजकूर पडताळायचा आहे त्याच्याकडे नजर हवी, आणि ती नजर त्याच कामातून येते जे आपण आता यंत्राला देऊन टाकतो आहोत. म्हणून आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलामुलींनी पहिले वर्षभर प्रूफे हातानेच तपासावीत आणि त्यानंतर आपली दुरुस्ती यंत्राच्या दुरुस्तीशी ताडून पाहावी, अशी पद्धत मी ठेवली आहे. वेळ जास्त लागतो आणि त्या वेळेचे पैसे अंकाला द्यावे लागतात. डीटीपी करणारे, अनुवादक, मुद्रितशोधक यांना पानामागे मिळणारा दर आधीच तुटपुंजा आहे. ‘यंत्राने केलेलेच तर आहे, फक्त नजर टाका’ असे म्हणून तो आणखी कापणारे लोक ही नजर कशाने तयार होते हे विसरतात. तपासणे हे काम आहे आणि त्याला दाम असला पाहिजे.

यंदाच्या अंकात एका आश्रमाच्या आठवणींचा लेख आहे. लेखक ऐंशीच्या घरातले, हस्ताक्षर वळणदार. पाने स्कॅन केली, यंत्राने ती वाचली आणि मग दुसऱ्या प्रणालीने शुद्धलेखन तपासून दुरुस्त्या सुचवल्या. दोनशेच्या आसपास सूचना होत्या आणि त्यांतल्या बहुतेक बरोबर होत्या. पूर्वी ज्या कामात दीड दिवस गेला असता ते दुपारपर्यंत आटोपले. ‘त्या दिवशी आचार्यांनी पहाटे उठून शंभर माणसांच्या भाकऱ्या थापल्या’ या वाक्यापाशी यंत्राने ‘आचाऱ्यांनी’ अशी दुरुस्ती सुचवली होती. भाकऱ्या, पहाट, शंभर माणसे हे सगळे पाहिले तर सूचना अगदी रास्त होती. हस्तलिखितात रफार स्पष्ट होता, तरी मी लेखकांना फोन लावला. ते म्हणाले, ‘आचार्यच. त्या दिवशी आचारी तापाने पडला होता. आचार्यांच्या हाताला चटके बसले होते, ते मी पाहिले आहेत.’ मी सूचना नाकारली, आणि चटक्यांचे ते वाक्य लेखात घालाल का, असे त्यांना विचारले. दुसऱ्या दिवशी ते त्यांनी पोस्टकार्डावर लिहून पाठवले.